गळाला लावायची कोळंबी

मनमोहन धैर्यवान यांनी त्रेसष्ट वर्षांत किती मासे खाल्ले, हे चित्रगुप्तालाच ठाऊक. पकडलेल्या माशांचा आकडा मात्र गिरगावातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं, कारण तो शून्य होता. पाठारे प्रभूंच्या घरात मूल बाराखडीच्या आधी सुरमई आणि तिच्यासारखाच दिसणारा तोवर मासा यांतला फरक शिकतं. कल्ला कसा उचलायचा, पापलेटाचं पोट कुठे दाबायचं, बोंबलाकडे लांबूनच बघून मान कशी हलवायची, हे सगळं मनमोहनरावांना आईचं बोट धरून बाजारात जातानाच येऊन गेलं होतं. पण मासा पाण्यातून बाहेर कसा येतो, याची चौकशी त्या घराण्यात सात पिढ्यांत कुणी केली नव्हती. मासा बाजारातून येतो, एवढं पुरेसं होतं.

हे सुरळीत चाललेलं त्यांच्या मुलाने, अर्णवने बिघडवलं. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून बाबा दिवसभर खिडकीत उभे राहून समोरच्या इमारतीच्या रंगकामावर टीका करतात, असं त्याला आईने फोनवर सांगितलं. तर हा पठ्ठ्या पुढच्याच रविवारी माटुंग्याहून एक बारा फुटी गळाची काठी घेऊन आला. तिला रीळ, रिळाला तंगुसाची पारदर्शक दोरी, शिवाय शिशाच्या वजनांची एक डबी. गुहागरच्या अलीकडे एका लहानशा गावात त्याने समुद्राला लागून असलेलं घरही चार दिवसांसाठी ठरवून टाकलं होतं. किनाऱ्यावर उभं राहायचं, लाटांच्या पलीकडे गळ फेकायचा आणि वाट बघायची. “तुम्हाला नुसतं उभं राहायची सवय आहेच,” असं तो म्हणाला. मुलगा कुणावर गेला होता, हे वेगळं सांगायला नको.

मनमोहनरावांनी दोन दिवस काठीकडे संशयाने पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी ते तिच्या प्रेमात पडले. जोडलेली काठी दाराच्या उंबऱ्यापासून स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत पोचायची, त्यामुळे त्यांच्या पत्नी उर्मिलाताईंना आठवडाभर चहासुद्धा तिच्यावरून पाय टाकून न्यावा लागला. ठाकूरद्वारच्या नळवाल्याकडून त्यांनी प्लॅस्टिकचा जाड पाइप तिरका कापून आणला, तो वाळूत रोवून काठी उभी करायची होती. दोन प्रकारच्या गाठी ते टीव्हीसमोर बसून बांधायचे आणि बातम्या संपल्या की सोडवायचे. पहाटे चौपाटीवर जाऊन नुसतं शिसं बांधून फेकायचा सरावही सुरू झाला. पहिल्या दिवशी शिसं समुद्रात न जाता मागे, फिरायला आलेल्या एका गृहस्थांच्या पायाशी पडलं. त्यांनी ते उचलून परत दिलं आणि त्या दिवसापासून चालायची बाजू बदलली. पण आठव्या दिवशी शिसं सूं करत गेलं आणि लांब पाण्यात बुडुक झालं. घरी आल्यावर मनमोहनराव हे चार वेळा सांगून आनंदी झाले, आणि चारही वेळा उर्मिलाताईंनी ते पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं.

तारखा ठरवून दिल्या नलूने. नलू म्हणजे चिराबाजारच्या मासळीबाजारातली त्यांची ठरलेली कोळीण. आधी तिच्या सासूच्या पाटीसमोर मनमोहनरावांची आई उभी राहायची आणि बाजूला हाफ पँटमधला मनू. सासूने त्याला मनू म्हटलं, म्हणून चाळीस वर्षांपूर्वी नवी सून पाटीवर येऊन बसली तेव्हा तिनेही मनूच म्हटलं. पुढे मनूचे मनमोहनराव झाले, केस गेले, पण ते बाजाराबाहेर. नलूच्या पाटीसमोर मनूच उभा असायचा आणि शिव्या खायचा. “काय रे मनू, नऊ वाजता येतोस, पापलेट काय तुझ्यासाठी झोपून र्‍हानार हाय?” हे तिचं सुप्रभात. हे ऐकल्याशिवाय आणलेला मासा मनमोहनरावांना आळणी लागायचा.

गळ टाकायला जाणार असं कळल्यावर ती आधी पोट धरून हसली आणि मग कामाचं बोलली. “फोनमधी भरती बघू नको. तिथीच्या आकड्याची पाऊनपट कर. अष्टमीला सहा वाजता भरती, त्रयोदशीला पावनेधा. पानी चढत असंल तवाच मासा काठाला येतो.” मनमोहनरावांनी भिंतीवरच्या कॅलेंडरावर पाऊणपट मांडली. शनिवारी द्वादशी, सकाळी सहाला गिरगावातून निघायचं, आणि रविवारी त्रयोदशीच्या सकाळी पहिला गळ. सगळं ठरलं. राहिलं होतं फक्त आमिष.

आणि इथे त्यांची बुद्धी फिरली. कुठल्याशा व्हिडिओत एक टोपीवाला माणूस सांगत होता, की आमिषाला वास पाहिजे, जितका घाण तितका चांगला. मनमोहनरावांनी हे वहीत लिहून घेतलं. निघण्याच्या आधीच्या रविवारी, साडेआठला, बाजार तुडुंब भरलेला असताना, ते नलूच्या पाटीसमोर उभे राहिले आणि गर्दीतून ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानेच म्हणाले, “नलू, शिळी कोळंबी आहे का गं?”

बाजार गप्प होतो हे त्यांनी तोवर कधी पाहिलं नव्हतं. बर्फ फोडणारा थांबला. पलीकडच्या पाटीवरची अंबिका, जिचं आणि नलूचं वीस वर्षं जागेवरून जमत नव्हतं, ती कोयता खाली ठेवून म्हणाली, “बघा, जुनी गिऱ्हाइकं. त्यांना ठाव असतं कुठं काय मिळतं.” मग हसू फुटलं ते पार दारापर्यंत गेलं. मनमोहनराव घाईघाईने गळ, आमिष, टोपीवाला असं काहीबाही सांगू लागले. ते कुणी ऐकलं नाही. नलूने त्यांच्याकडे वर पाहिलंसुद्धा नाही. तिने समोरच्या कोळंबीवर पाणी मारलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं, “बोला ताई.”

बुधवारी ते पुन्हा गेले. मुद्दाम सव्वानऊला गेले, म्हणजे ती ओरडेल.

“या साहेब,” नलू म्हणाली. “काय देऊ?”

मनमोहनरावांनी पापलेटाकडे बोट दाखवलं. तिने ताजं पापलेट काढून दिलं, कल्ला स्वतःच उघडून दाखवला, नीट तुकडे केले आणि वर “पुन्हा या साहेब” असंही म्हणाली. चाळीस वर्षांत तिने त्यांना इतक्या सभ्यपणे कधी वागवलं नव्हतं. बाजारात रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी माणसाला देतात तो मान त्यांना मिळाला होता आणि तो घेऊन ते पिशवी सांभाळत घरी आले.

“पापलेट झकास आहे हो,” उर्मिलाताई जेवताना म्हणाल्या.

“मला साहेब म्हणाली.”

उर्मिलाताईंनी घास खाली ठेवला. रविवारची शिळ्या कोळंबीची हकिगत त्यांनी ऐकली होती, तिचा अर्थ त्यांना आता एकदम कळला. “अहो, तिच्या पाटीवर शिळं मागितलंत तुम्ही. आपल्या घरी येऊन कुणी म्हणालं, की काल उरलेलं असेल तर वाढा, तर मी काय त्याला ओवाळेन?”

“मी समजावून सांगायचा प्रयत्न केला गं.”

“सगळ्यांसमोर बोललात ना? मग सगळ्यांसमोरच निस्तरा. कानात सांगून काय उपयोग.”

पुढचे दोन दिवस तयारी चालू होती, पण मनमोहनरावांचं मन तयारीत नव्हतं. काठीच्या कड्या पुसताना ते मधेच थांबायचे. पाइप, डबी, विजेरी, टोपी, सगळं दारापाशी मांडून झालं आणि त्यांना वाटलं, जाऊच नये. चार दिवस समुद्रावर राहून परत यायचं आणि बुधवारी पुन्हा “या साहेब” ऐकायचं, याच्यापेक्षा खिडकीत उभं राहिलेलं बरं. हे वाटणं त्यांना पोरकट वाटत होतं. तरी ते वाटतच होतं.

शुक्रवारी एकादशी होती. एकादशीला धैर्यवानांच्या घरातून माणूस मासळीबाजारात जाताना कुणी पाहिला नसेल. मनमोहनराव रिकामी पिशवी घेऊन निघाले. रात्रभर जागून त्यांनी एक वाक्य तयार केलं होतं. त्या वाक्यात नलूची अब्रू पूर्ण भरून निघत होती. फक्त ते दुसऱ्या कुणाला तरी, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं होतं. बाजारात एकादशीमुळे गिऱ्हाईक नव्हतं. कोळणी पाट्यांमागे बसून माश्या वारत होत्या, म्हणजे ऐकायला सगळ्या मोकळ्या होत्या. मनमोहनराव सरळ अंबिकेच्या पाटीसमोर गेले, घसा खाकरला आणि खणखणीत आवाजात म्हणाले:

“अंबिकाबाई, मला शिळी कोळंबी पाहिजे. नलूकडे ती कधी मिळायची नाही. तुमच्याकडे नक्की असेल.”

वाक्य पूर्ण झालं आणि त्यातली मेख त्यांच्या लक्षात आली. पण बाण सुटला होता. अंबिका उठली. तिच्या शेजारची उठली. पलीकडची बोंबीलवाली उठली, कारण अंबिकेकडे शिळं असतं असं म्हणणारा माणूस आपल्याकडेही बोट दाखवणार हे तिला दिसत होतं. “कोन म्हनतो शिळी?” “ह्यो म्हातारा रोजच येतो का गं असं बोलायला?” “डोक्यावर पडलास का सकाळी?” पाचसहा आवाज एकदम सुरू झाले आणि मनमोहनराव रिकामी पिशवी छातीशी धरून मागे मागे सरकत बर्फाच्या लादीला टेकले. आपलं नाव धैर्यवान आहे, हे त्यांना त्या क्षणी आठवायचं कारण नव्हतं.

तेवढ्यात नलू मधे येऊन उभी राहिली. पदर खोचलेला, दोन्ही हात कमरेवर.

“ए अंबिके, खाली बस. माझं गिऱ्हाईक हाय त्यो. त्याला बोलायचं तर मी बोलनार, तू कोन? त्याच्या आयेच्या वेळेपास्नं आमच्या पाटीवर येतोय. अक्कल नाय त्याला, पन त्यो आमचा हाय. काय बोलला त्यो? नलूकडे शिळं मिळत नाय बोलला. खोटं बोलला काय? बोला की आता.”

अंबिकेची शेजारीण खाली बसली. बोंबीलवाली पहिल्यांदा हसली, मग अंबिकेलाही तोंड फिरवावं लागलं, पण तिचे खांदे हलत होते.

नलूने मनमोहनरावांचा दंड धरून त्यांना आपल्या पाटीकडे ओढत नेलं. “इकडं ये मनू. इकडं ये मेल्या. कोनी सांगितलं तुला शिळी लागते?”

“एका व्हिडिओत—”

“व्हिडिओ. चाळीस वर्षं माझ्यासमोर उभा र्‍हायलास, मला विचारायला तोंड नव्हतं? अरे, मासा काय तुझ्यापेक्षा मूर्ख हाय? सगळा समिंदर त्याच्या ताटात वाढलेला, आनि त्यो तुझी कुजकी कोलंबी खायला येनार? त्याला बी ताजीच लागते.”

मनमोहनराव ऐकत होते आणि त्यांना इतकं बरं वाटत होतं, की डोळ्यांत पाणी आलं. ते चष्मा पुसायला लागले. नलूने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून टोपलीतून मध्यम आकाराची, सालीसकट कोळंबी निवडायला घेतली. तिच्यावर जाडं मीठ चोळलं, बर्फ घालून डबा बांधला. “मिठानं घट्ट होते, लाटेत गळावरनं निघत नाय. शेपटीकडनं टोचायची. आनि ही माशाची हाय, समजलं? तुझ्या बायकोच्या हातात देऊ नको. ती तुमच्या घरचं आटलं शिजवून मोकळी होईल.”

“पैसे घे की.”

“नको.” ती डबा त्यांच्या हातात देता देता थांबली. पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला. “मनू, येक सांगू? सासूबरोबर बसायला लागले तवापास्नं मी लोकांना मासळी देते. ह्या हातानं गिरगावातली किती घरं जेवली. पन मला कोनी मासळी आनून दिली नाय कधी. कोन देनार? कोळनीला मासा कोन नेतो?” तिने पाटीवरचं पाणी हाताने निपटून काढलं. “तुला लागला येखादा, तर मला आन. बारका बी चालंल.”

मनमोहनरावांना काहीतरी मोठं बोलायचं होतं. तोंडातून फक्त “आणतो” एवढंच आलं. आणि लगेच तिने “जा आता, एकादशीचा बाजारात काय उभा र्‍हातोस, लाज नाय वाटत” असं म्हणून त्यांना हाकलून दिलं.

घरी येईपर्यंत त्यांना घाम फुटला होता. कालपर्यंत मासा मिळो न मिळो, चार दिवस हवा तरी खाऊ, असा सगळा मामला होता. सात पिढ्यांत न पकडलेला मासा आता पकडणं भाग होतं. त्यांनी डबा फ्रीजमध्ये सगळ्यात मागे, भाज्यांच्या आड ठेवला, कॅलेंडरासमोर उभं राहून बोटांवर पाऊणपट केली आणि अर्णवला फोन लावला.

“उद्या सहाला नको, पहाटे चारलाच ये.”

“बाबा, चारला? घाई काय आहे?”

“द्वादशीची रात्रीची भरती नऊला आहे. लवकर पोचलो तर संध्याकाळी पाणी चढताना गळ टाकता येईल.”

“पण आपलं उद्या नुसतं आराम करायचं ठरलं होतं ना?”

“आराम तुम्ही करा,” मनमोहनराव म्हणाले. “मला नलूसाठी मासा न्यायचाय.”