आत्याच्या रममध्ये साखर होती का

रविवारी संध्याकाळी सव्वापाच वाजता वहिनींनी पंचाच्या पातेल्यात तिसरी रम ओतली आणि रिकामी बाटली बूच लावून ओट्याखाली आडवी टाकली. अर्ध्या तासाने दीर स्वयंपाकघरात आले. त्यांनी वरचं कपाट उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं.

"वहिनी, इथली जहाजवाली कुठे गेली?"

"पंचात."

दीर बसले. मागे खुर्ची होती म्हणून खुर्चीवर बसले, नसती तर फरशीवर बसले असते.

जहाजवाली म्हणजे बाटलीवर वादळात सापडलेल्या जहाजाचं चित्र असलेली रम. ती प्यायली की जहाजातल्या लोकांची नेमकी अवस्था समजते, असं वहिनींचं मत होतं, आणि त्यांच्या मताला किंमत होती. एका मोठ्या हॉटेलातला बार त्याच चालवत. तिथे जहाजवाली सगळ्यात खालच्या फळीवर, फिनाइलच्या शेजारी असे, आणि वहिनींच्या मते दोघांपैकी एकाचा तरी उपयोग होता.

पंच, म्हणजे रम, लिंबू आणि पाक एकत्र करून केलेलं पेय, याबाबतीत त्यांचा नियम पक्का होता. एकाच रमचा पंच म्हणजे सरबत. रम तीन लागतात. एक पांढरी, हलकी, लिंबाशी पटवून घेणारी. दुसरी उग्र, जास्त पिकलेल्या केळ्याचा आणि ताज्या वार्निशचा वास मारणारी. ती नुसती दिली तर पाहुणे घरी जातात, पण थोडी मिसळली तर कोणी जायचं नाव घेत नाही. आणि तिसरी काळपट, मुरलेली, पहिल्या दोघींचं भांडण मिटवणारी. आज ही तिसरी हॉटेलातून आणायची राहिली. पाहुणे यायला लागले होते. कपाटात जहाजवाली दिसली. अडल्यावर काय करणार, म्हणून वहिनींनी ती उचलली.

ओतण्याआधी बाटली हुंगायची ही त्यांची सवय. दुसऱ्यांच्या बारमध्ये हुंगत, लोकांच्या लग्नात हुंगत, एकदा तर नवऱ्याचं खोकल्याचं औषध हुंगून त्यांनी दुकानात परत पाठवलं होतं. जहाजवाली मात्र हुंगली नाही. तिला काय हुंगायचं? पंच ढवळून चमचाभर चाखला तेव्हा तो इतका छान जमला होता की वहिनी क्षणभर थांबल्या. जहाजवालीसारख्या दगडातूनही आपण मूर्ती काढली, असं त्यांना मनापासून वाटलं.

"त्या बाटलीत जहाजवाली नव्हती," दीर म्हणाले.

"मग काय होतं?"

"आत्याची रम."

आता वहिनींनी पळी खाली ठेवली.

दीर दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात बघायचं आणि संध्याकाळी चांगली रम घोट घोट घेत बसायचं, असा त्यांचा संसार. लग्न केलं नव्हतं. बाटल्या पुरत होत्या. त्रास एकच, मावसभाऊ. हे गृहस्थ घरात शिरले की आधी बाटल्यांना भेटत, मग माणसांना. दिसायला देखणी बाटली असली की तिचा तळ गाठल्याशिवाय उठत नसत. तेव्हा दीरांनी एक युक्ती केली होती. उत्तम रम जहाजवालीच्या बाटलीत आणि जहाजवाली उत्तम रमच्या बाटलीत. देखणी बाटली बाहेर काचेच्या कपाटात मांडून ठेवायची. मागच्या खेपेला मावसभावांनी त्यातले दोन ग्लास घेतले, डोळे मिटले आणि म्हणाले, "वय बोलतंय रे." दीरांनी मान हलवली होती.

जाणकार माणूस जहाजवालीला हात लावणार नाही, ही त्यांची खात्री. जाणकार माणसाला घाई असेल तर काय, हा विचार राहिला.

"आणि हे मला कुणी सांगायचं होतं?" वहिनींनी विचारलं.

"दादाला सांगितलं होतं."

दादा, म्हणजे वहिनींचा नवरा, बर्फाची पिशवी घेऊन त्याच वेळी दारात उभा होता. "मी सांगणारच होतो," तो म्हणाला.

"कधी?"

"विषय निघाला की."

ही रम साधी नव्हती. दोघा भावांच्या या आत्याने अर्धं आयुष्य रमच्या कारखान्यात काढलं होतं. कुठल्या पिंपातली किती घ्यायची, कुठलं पिंप अजून झोपू द्यायचं, हे तीच ठरवी. शेवटच्या वर्षी तिने एक रम जुळवली आणि मालक म्हणाले, बाटलीत भरण्याआधी साखर घाला, लोकांना गोड लागलं पाहिजे. आत्या म्हणाली, साखरेने रम म्हातारी होत नाही, फक्त लाडावते. वाद पेटला. बाटल्या भरायच्या आदल्या दिवशी तिने किल्ल्या टेबलावर टाकल्या आणि निघून आली. वर्षभरात कारखाना बंद पडला. मालकांनी शेवटी साखर घातली की नाही, हे तिला कधी कळलं नाही. रागाच्या भरात तिने एक बाटलीही घेतली नाही, आणि राग उतरला तोवर बाजारात एकही उरली नव्हती.

हा प्रश्न तिने नंतर कुणापुढे काढला नाही असं झालं नाही. जेवताना काढला, प्रवासात काढला, एकदा दीरांच्या दवाखान्यात तोंडात नळी असताना काढला. आता ती याच गावात राहायला परत आली होती आणि घरच्यांनी त्यासाठी ही मंडळी जमवली होती. दीरांनी एका बंद झालेल्या हॉटेलच्या सामानातून तिच्या रमची बाटली मिळवली होती, कुणाला न सांगता. साडेसहाला एक ग्लास तिच्या हातात द्यायचा, एवढाच बेत. पुढचं तिची जीभ सांगेल.

"पंचात पाक किती घातलात?" दीरांनी विचारलं.

"लागतो तेवढा."

"म्हणजे गोड."

"भाऊजी, पंच आहे तो. काढा नाही."

नवऱ्याने बर्फ टबात ओतला. "सोपं आहे," तो म्हणाला. "दुसरी कुठलीतरी चांगली रम द्या आत्याला. बाटलीत भरल्यावर तिने ही प्यायलेलीच नाही, तिला काय कळणार?"

लाज वाटेल इतका वेळ वहिनींनी यावर विचार केला. त्यांना जमलंही असतं. दीरांच्या कपाटातल्या दोन बाटल्या, त्यात त्या उग्र रमचे थोडे थेंब, अरुंद तोंडाचा ग्लास. आत्याला आवडलीही असती.

"साखरवाली देऊ की बिनसाखरेची?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

नवरा बर्फाच्या रिकाम्या पिशवीची घडी घालू लागला.

"कुठलीही दिली तरी तिला उत्तर मिळणार," वहिनी म्हणाल्या. "ते कुणा दुसऱ्याच्या रमचं असेल, एवढंच. मी सांगते तिला."

बाहेरच्या खोलीत आत्या सोफ्यावर बसली होती. कारखान्यातली जुनी माणसं तिच्याभोवती होती. पंचाचा पहिला जग आधीच बाहेर गेला होता आणि तिच्या हातातला ग्लास अर्धा झाला होता. खिडकीशी मावसभाऊ काचेच्या कपाटातली बाटली बगलेत धरून कुणाला तरी पिंपांविषयी सांगत होते.

दीर वहिनींच्या पुढे सरले. त्यांच्या चेहऱ्यावर अजून आशा होती. "आत्या, पंच कसा झालाय?"

"बरा आहे. जरा गोड आहे."

"काही ओळखीचं लागतंय?"

आत्याने एक घोट घेतला, तोंडात फिरवला. "जायफळ," ती म्हणाली.

वहिनींनी मग सगळं सांगितलं. आडवळण घेतलं नाही. बाटली कुणी आणली, कशात भरली, कुणी न हुंगता ओतली, आणि आता ती सगळ्यांच्या ग्लासात आहे. जुन्या माणसांनी आपापल्या ग्लासात पाहिलं. एकाने तो हळूच टेबलावर ठेवला, जणू देवळात चप्पल घालून आला होता.

"म्हणजे मी ती प्याले," आत्या म्हणाली.

"हो."

"आणि मला कळलं नाही."

"तीन रम होत्या आत्या, वर लिंबू. कुणालाही..."

"समजूत घालू नकोस गं. हजार ग्लासांत मांडली तरी ओळखेन, असं मी लोकांना सांगत आले. या सगळ्यांना सांगितलंय." तिने जुन्या माणसांकडे हात केला. त्यांनी माना डोलावल्या नाहीत, पण नाकारलंही नाही. आत्याने ग्लास संपवला. "बाटली आण."

नवरा ओट्याखालून बाटली घेऊन आला. आडवी पडल्यामुळे आत चमचाभर रम साठली होती. आत्याने बूच काढलं, तोंड किंचित उघडं ठेवून हुंगलं. बराच वेळ हुंगलं.

"पी आत्या," दीर म्हणाले. "एक घोट तरी होईल."

"आत्ता पाक प्यालेली जीभ आहे ही. हिची साक्ष कोण मानणार?"

"मग उद्या सकाळी पी. निदान चव तरी मिळेल."

"चव मीच केली होती. मला चव नकोय." तिने वहिनींकडे पाहिलं. "पांढरी बशी आहे?"

वहिनींना लगेच समजलं. बारमध्ये नव्या बाटलीचा संशय आला की त्याही हेच करत. थोडी रम बशीत पातळ पसरायची आणि वाळू द्यायची. बशी कोरडी राहिली, बोटाला नुसता पिवळट डाग लागला, तर रम आपल्या पायांवर उभी आहे. बोट चिकटलं तर साखर. त्यांनी बशी धुतली, कोऱ्या फडक्याने पुसली, दिव्यासमोर धरून पाहिली. आत्याने चमचाभर रम तिच्यात ओतली. एकही थेंब बाहेर गेला नाही. दीर तोंड फिरवून उभे राहिले.

बशी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवल्यावर आत्याला एक शंका आली.

"जहाजवाली भयंकर गोड असते. तू बाटली धुतली होतीस ना?"

"विसळली होती," दीर म्हणाले.

"पाण्याने?"

"पाण्याने कशी विसळणार? पाणी राहिलं असतं तर रम पातळ झाली असती."

"मग?"

दीरांनी चष्मा काढून पुसला. "रमने विसळली."

"कुठल्या?"

"हाताशी होती त्या."

"ती गोड होती का बिनसाखरेची?"

दीरांना आठवेना. त्यांनी कपाटाकडे पाहिलं. तिथे बऱ्याच बाटल्या होत्या आणि त्यांतल्या निम्म्यांत लेबलावर होतं ते नव्हतं.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "दवाखान्यात लोकांना चूळ कशाने भरायला देता हो तुम्ही?"

जुन्या माणसांत हशा पिकला. आत्या हसली नाही. तिने खुर्ची ओढून बशीसमोर लावली आणि वहिनींकडे रिकामा ग्लास धरला. वहिनींनी पंच ओतला. गोड आहे, असं आत्या पुन्हा म्हणाली, आणि प्याली.

त्यानंतर पाहुण्यांचं खाणं झालं. एकेक जण बशी बघून गेला. नवऱ्याने पंखा लावू का विचारलं आणि त्याला नाही म्हणून सांगण्यात आलं. दीर दोनदा बोट पुढे करून आले, दोन्ही वेळा आत्याने त्यांच्या मनगटावर चापट मारली. सव्वाआठपर्यंत बशीच्या कडा वाळल्या होत्या. मधला रुपयाएवढा भाग अजून ओला होता, आणि वहिनी व आत्या त्याच्या दोन बाजूंना बसून होत्या.