माझ्या लेकीचा उजवा कान

मित्रांनो, मी एक जुनी उंदरीण आहे. रंगाने काळी, आता पाठीवरचे केस विरळ झालेली. दोन वर्षे म्हणजे आमच्यात आजीचे वय. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका प्रयोगशाळेत, प्लास्टिकच्या पिंजऱ्यात मी जन्मले. तिथल्या भुशाची ऊब मला अजून आठवते.

माणसांनी मला मुद्दाम एक गोष्ट कमी ठेवून घडवले. पेशीवर घंटेसारखे काहीतरी असते. औषध ती घंटा वाजवते आणि वेदना शमते. पण ती रोज वाजू लागली, की आतला एक राखणदार तिच्यावर हात ठेवतो. घंटा मुकी होते, औषध लागू पडेनासे होते. माझ्या पेशींत तो राखणदारच नाही. हे त्यांनी मला रोज औषधाची सुई टोचून, तापलेल्या पत्र्यावर उभे करून ताडून पाहिले. "हिच्यावर औषधाचा गुण कमीच होत नाही!" म्हणत संशोधक इराताईंनी मला तळहातावर घेतले होते. कौतुक झाले ते तेवढेच.

पुढे मला पिल्ले झाली. काही माझ्यासारखी, काहींना बापाकडून राखणदार मिळालेला. शेपटीचे टोक कापून तपासणी झाली. माझ्यासारख्यांच्या उजव्या कानाला भोक पाडायचे, बाकीच्यांच्या डाव्या. चाचणीनंतर माझ्यासारख्या लेकींना वंशासाठी जगवायचे ठरले होते. पोटावर पांढरा ठिपका असलेली माझी लाडकी त्यांतलीच.

भोके पाडायला खरवई गावचा मदतनीस अनंता होता. त्याने एकेकीला मानगुटीला धरून आपल्याकडे तोंड करून उचलले आणि स्वतःच्या उजव्या हाताकडचा कान टोचला. तो आमचा डावा होता. बाकीच्यांचेही तसेच उलटे झाले.

लेकी मोठ्या झाल्या. सुया झाल्या, पत्रा झाला. शेवटच्या दिवशी उजव्या कानाला भोक असलेल्या भाजून उड्या मारू लागल्या. माझी ठिपकेवाली शांत उभी होती.

"सर, हे सगळं उलटंच येतंय!" इराताई म्हणाल्या.

साहेब दिनानाथ सरांनी मानही वर केली नाही. "बॅच खराब आहे. चहाच्या आधी संपवून टाका."

"एकदा पुन्हा तपासू या ना?"

"उंदरांना काय तोटा आहे, इरा? नवीन काढ."

सगळ्यांना काचेच्या पेटीत घालून वायू सोडला. लेकीने माझ्याकडच्या काचेला नाक लावले होते. ते घसरत खाली गेले.

माझ्या पुढच्या वेताला अनंताने पिल्लू उचलले, तेव्हा इराताई शेजारीच उभ्या होत्या.

"अनंताभाऊ, हा उजवा कान?"

"मंग! माझा उजवा हात ह्योच हाय ना, मॅडम?"

"अहो, तुमचा नाही, उंदराचा!"

"आयला, उंदराला बी उजवा-डावा असतो व्हय?"

सगळे पोट धरून हसले. इराताईसुद्धा.

आता मला पिल्ले होत नाहीत. सकाळीच ती पेटी पुसून ठेवली आहे. मित्रांनो, कुठल्याही जिवाला हात लावण्याआधी त्याच्या बाजूने एकदा उभे राहून बघा. एवढेच मागते.

अनंताने मला पाठमोरी धरले आहे. खूण पटवायला माझा उजवा कान नीट पाहिला. आता तो कधीच चुकत नाही.