कड्याखालचा गाळ

जून महिन्यातल्या एका आंधीत, धुळीच्या वादळात, श्रीरंग बेपत्ता झाला. दिल्लीजवळ मानेसरच्या पुढे डोंगरात बांध घालून अडवलेला एक तलाव होता. त्याच्या तळाशी कुठे कसला गाळ बसतो, याचा अभ्यास श्रीरंग आणि त्याची बायको अरुणा दोन वर्षं करत होते. दोघंही एकाच सरकारी खात्यात. त्या दिवशी अरुणाचा पाय मुरगळला होता, म्हणून तो एकटाच होडी घेऊन गेला. दुपारी पश्चिमेकडून पिवळी धूळ उठली. काठावर ड्रायव्हर जीपच्या काचा चढवून आत बसला. धूळ निवळली तेव्हा समोर नुसतं पाणी होतं.

होडी संध्याकाळी पूर्वेच्या काठाला सापडली, उलटी. जवळच त्याची एक चप्पल. त्या चपलेने श्रीरंगच्या थोरल्या भावाला, बळवंतरावांना, मोठा धीर आला. होडी इथे आली म्हणजे तोही इथवर आला असणार, धुळीत वाट चुकून कुठल्यातरी गावात पडला असणार. त्यांनी ऑफिसची ओळख लावून गावोगाव माणसं पाठवली, पार दिल्लीतल्या हिंदूरावपर्यंत इस्पितळांना फोन केले. पोलिसांचे गोताखोर पूर्वेच्या उथळ पाण्यात बुड्या मारून शोधत होते, पण बळवंतराव त्यांच्याकडे पाठ करून रस्त्याकडे बघत उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अरुणा लंगडत तिथे पोचली. दादांनी, बळवंतरावांनी, तिलाही तेच सांगितलं, आणि तिने ते खरं मानलं. मग ती होडीशी गेली. होडीच्या कडीला दोर होता आणि दोराला गाळ काढायची लोखंडी नळी. नळीला बूच घट्ट बसवलेलं होतं. नमुना वर काढल्यावर श्रीरंग पहिलं काम तेच करी.

तिने बूच काढलं. आत काळा, लोण्यासारखा मऊ गाळ होता.

ती तिथेच वाळूत बसली. त्या तलावावर वारा बहुतेक पश्चिमेचाच. लाटा पूर्वेच्या काठावर आपटून बारीक माती धुऊन नेत, मागे वाळू आणि खडे उरत. वरचं पाणी वाऱ्याने पूर्वेला लोटलं जाई आणि तळातून पुन्हा पश्चिमेला वळे, ती माती बरोबर घेऊन. पश्चिमेला उभा कडा होता. त्याच्या आडोशाला पाणी निवांत, खोल. माती तिथे जाऊन बसे. असा काळा गाळ तलावात दुसरीकडे कुठेच मिळत नव्हता. म्हणजे श्रीरंगने शेवटचा नमुना कड्याखाली घेतला होता. कड्याच्या आड त्याला आंधी येताना दिसलीही नसेल. वारा कडा ओलांडून एकदम खाली कोसळला असेल. होडी नि चप्पल तरंगत इकडे आली. बुडालेलं काही इकडे येणार नव्हतं.

ती गप्प राहिली असती तर दादांना, घरी श्रीरंगच्या आईंना, अजून एखादा दिवस मिळाला असता. तिला ते कळत होतं. पाणी तापत होतं, त्यात देह फार टिकणार नाही, हेही कळत होतं.

"दादा," ती म्हणाली, "गोताखोरांना पश्चिमेला न्यायला सांगा. कड्याखाली."

"तिकडे कशाला? होडी तर इथे आहे."

"होडी वाऱ्याने आली. हे तिथेच असतील."

बळवंतरावांना अर्थ लागायला वेळ लागला. "आम्ही दोघं यमुनेत पोहायला शिकलोय," ते म्हणाले. "तो बुडणार नाही. तू त्याला मेलेला धरून चालली आहेस, अरुणा."

ती स्वतःच उठली आणि इन्स्पेक्टरला हिंदीतून सगळं समजावलं. तो तिच्या हातातल्या नळीकडे बघत राहिला, मग त्याने होडी वळवायला सांगितली.

तासाभरात श्रीरंग मिळाला. कमरेपर्यंत गाळात रुतलेला, कपाळावर होडीच्या काठाची खोक. गोताखोरांनी त्याला काठावर आणून धुतलं तरी कानांत, नखांत गाळ राहिलाच. अरुणाने पदर भिजवून तो काढायला घेतला. दादा मदतीला आले नाहीत.

तेराव्यानंतर बळवंतराव आईंना आपल्याकडे घेऊन जायला आले. जाताना अरुणाशी एक शब्द बोलले नाहीत. पण सासूबाईंनी, सरलाबाईंनी, पिशवी उचलली नाही. आधी सुनेला जवळ बसवून विचारलं, तो कुठे आहे ते तुला कसं कळलं. अरुणाने वारा, लाटा, तळाचं पाणी, सगळं सांगितलं. त्यांना किती समजलं कोण जाणे.

"म्हणजे तू सांगितलं नसतंस तर तो मिळालाच नसता?"

"कदाचित खूप उशिरा, आई."

सरलाबाईंनी पिशवी भिंतीशी सारली. मग थोरल्याला म्हणाल्या, तू जा, मी इथेच राहते.

बळवंतराव पुढे दर रविवारी आईला भेटायला येत. अरुणाने आणून ठेवलेला चहा तसाच गार होऊ देत आणि उठून जात.