पाच तास दहा मिनिटं रिकामी

त्र्याहत्तर पेशी मोजून झाल्या आणि शेजारचा स्क्रीन पुन्हा काळा पडला.

"झोपला मेला परत!" मायक्रोस्कोपवरून डोळे न काढताच मोजणीबाई करवादल्या.

मोजणीबाई हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. रुग्णालयाच्या रक्ततपासणीच्या खोलीत अठ्ठावीस वर्षं एकाच स्टुलावर बसून त्या काचपट्टीवरच्या पांढऱ्या पेशी मोजत आल्या होत्या. शंभर मोजायच्या, कोणत्या प्रकारच्या किती ते लिहायचं, आणि एखादी वेगळी दिसली तर तिथंच थांबायचं. त्यांच्या रिपोर्टवर मोठे डॉक्टर डोळे मिटून सही करत. मोजताना डावा हात मोजयंत्राच्या बटणांवर आणि उजवा फोकसच्या चाकावर. तिसरा हात देवानं दिला नव्हता, आणि नव्या सॉफ्टवेअरला नेमका तोच हवा होता.

वीज वाचवायची म्हणून ते रुग्णालयातल्या सगळ्या कॉम्प्युटरांत घातलं होतं. दोन मिनिटं कुणी हात लावला नाही की स्क्रीन विझायचा, कुलूप लागायचं आणि पासवर्ड मागायचा. पासवर्डही कसला, तर आठ अक्षरं, त्यात एक आकडा आणि एक वेडीवाकडी खूण. तो दिवसातून पन्नास-साठ वेळा ठोकायचा. तोवर अर्धवट भरलेलं पान गायब!

बरं, हे भूत बसवणारा माणूस घरचाच. रुग्णालयातल्या कॉम्प्युटरांची देखभाल बाईंच्या नवऱ्याकडे होती.

"अहो, माझ्यापुरतं तरी काढा ना ते," बाईंनी जेवताना विषय काढला.

"आणि लोकांनी माझ्या तोंडात शेण घालावं? बायकोला वेगळा नियम म्हणून?"

"मग दोनाची दहा मिनिटं करा."

"वरून आलंय ते. माझ्या हातात काय आहे? अगं, मधून मधून माउस हलवायचा जरा. एवढं काय त्यात?"

"कशानं हलवू? पायानं?"

ते हसले. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अठ्ठावीस वर्षं या बाईनं काय काम केलं, हे या माणसाला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं.

पहिल्या तारखेला यादी लागली. कोण किती वेळ रिकामं बसलं याचीही नोंद ते सॉफ्टवेअर ठेवत होतं, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. यादीत सर्वांत वर रक्ततपासणी. रिकामा वेळ रोज पाच तास दहा मिनिटं. भांडारातला कारकून दुपारभर उघड उघड घोरायचा, पण तो होता अगदी तळाला. झोपण्याआधी तो माउसखाली आपलं मनगटी घड्याळ ठेवायचा. सेकंदकाटा फिरत राहिला की माउसला वाटायचं, कुणीतरी कामात आहे. जगात न्याय म्हणून काही आहे की नाही!

व्यवस्थापकांनी बाईंना बोलावून घेतलं.

"बाई, पाच तास तुम्ही काहीच करत नाही असं दिसतंय."

"साहेब, मी बघत असते."

"बघण्याची नोंद कुठे होते? या महिन्यात हा आकडा खाली आला नाही, तर तुम्हाला रक्त घ्यायच्या खिडकीवर बसवावं लागेल. मोजायला दुसरं कुणी बघू."

बाई बाहेर आल्या त्या पाय ओढतच. खिडकीवरचं काम कमी दर्जाचं असतं असं नव्हे. पण मायक्रोस्कोप गेला तर आपल्याकडे दुसरं आहे काय? कारकुनानं घड्याळाची युक्ती सांगितली, तीही त्यांना परवडणारी नव्हती. पकडल्या गेल्या असत्या तर नवऱ्याच्या नोकरीवर आलं असतं.

मग त्यांनी उजवा हात फोकसवरून काढला आणि माउसवर ठेवला.

मिनिटाला एकदा माउस हलवायचा. एखादी पेशी नीट दिसेना, तर पुढची घ्यायची. कुठपर्यंत आलो ते विसरलं तर अंदाजानं धरायचं. शंभर झाल्या की सही. त्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एक बेकरीवाला रिपोर्ट न्यायला आला. त्याच्या भुवईला पीठ लागलेलं होतं. त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीचा ताप तीन आठवडे हटत नव्हता.

"बाई, वाईट काही नाही ना?"

"नाही. सगळं ठीक आहे."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि तसाच उभा राहिला. मागची माणसं खोळंबली, तरी त्याला हलवत नव्हतं.

नवी यादी लागली. रक्ततपासणी, रिकामा वेळ पन्नास मिनिटं. व्यवस्थापकांनी चक्क जिन्यात थांबवून शाबासकी दिली.

"बघ, जमलं की नाही?" घरी नवरा म्हणाला. "उगाच महिनाभर आकांडतांडव!"

बाईंनी हातातला घास खाली ठेवला. "मी बघत नाहीये हो."

"म्हणजे?"

"माउस हलवते. बघत नाही."

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी आठलाच बाई रुग्णालयात गेल्या, आणि काय वाटलं कोण जाणे, नवराही बरोबर निघाला. बाईंनी महिन्याभराच्या पट्ट्यांचे खोके काढले, शेवटच्या आठवड्याचा आधी घेतला आणि एकेक पट्टी पहिल्यापासून बघायला बसल्या. उजवा हात फोकसवर. शेजारचा स्क्रीन दोन मिनिटांत विझला, तो विझलेलाच राहिला. नवरा बाजूच्या खुर्चीवर बसला होता. तीन तास तो बाईंचं काम बघत होता, आणि असं लग्नापासून पहिल्यांदाच घडत होतं.

बेकरीवाल्याच्या मुलीची पट्टी एकोणिसावी. एकतिसाव्या पेशीपाशी बाई थांबल्या. फोकसचं चाक त्यांनी केसभर मागे घेतलं, केसभर पुढे. मोठी, कोवळी पेशी. ती रक्तात असायलाच नको होती. पुढे तशीच आणखी एक. मग आणखी दोन.

"काय झालं?" नवऱ्यानं विचारलं.

बाईंनी सांगितलं. रक्ताच्या कर्करोगात दिसतात तशा पेशी होत्या त्या.

"हे त्या सॉफ्टवेअरमुळं झालं," तो म्हणाला. "मी लेखी देतो तसं."

"सही सॉफ्टवेअरनं नव्हती केली. मी केली होती."

"अगं, पण हे कळवलंस तर खिडकी नक्की."

"माहितीय मला."

त्यांनी आधी मोठ्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी मुलीला आजच घेऊन यायला सांगितलं. मग नोंदवहीतून नंबर काढून बाईंनी बेकरीवाल्याला फोन लावला. पलीकडे भट्टीच्या पत्र्यांचा खडखडाट चालू होता.

"मी रक्ततपासणीतून बोलतेय. तुमच्या मुलीचा रिपोर्ट मी चुकीचा दिला. चूक माझी आहे. तिला आत्ताच घेऊन या, मोठे डॉक्टर थांबलेत."

खडखडाट थांबला. तो शिव्या देईल म्हणून बाई मन घट्ट करून उभ्या राहिल्या. पण त्यानं अगदी हळू विचारलं, "बाई, तुम्ही स्वतः बघितलंत ना?"

"हो," बाई म्हणाल्या. "आज बघितलं."