असोद्याचा गालिचा

ते मशीन जळगावच्या मेहरूण वस्तीतल्या घरात आलं त्याच दिवशी त्याने छगनला भांड्यांच्या ढिगात फेकलं होतं. सुरतेचं एक हॉटेल बंद पडलं, तिथला जुना माल विकायला निघाला आणि मंडपाचा धंदा करणाऱ्या छगनने कढया-पातेल्यांसोबत हेही ट्रकमध्ये टाकून आणलं. खाली परातीएवढा गोल ब्रश, त्यावर मोटर, लांब दांडा आणि दांड्याला साबणाच्या पाण्याची टाकी. बटण दाबलं की ब्रश गरगर फिरायचा, म्हणून गल्लीने त्याचं नाव भोवरा ठेवलं. छगनने पैलवानासारखा दांडा आवळून धरला आणि भोवऱ्याने त्याला त्याच्याच दारातल्या भांड्यांवर लोळवलं. गल्लीला आठवडाभर हसायला पुरलं.

मग त्याची बायको प्रमिलाबाई पुढे झाली. ती धुळ्याकडची, माहेरी बैलगाडी हाकलेली. हे जनावर ओढून वळणारं नाही, हे तिने लगेच ओळखलं. दांडा जरा उचलला की भोवरा उजवीकडे जातो, जरा दाबला की डावीकडे. जोर लावला की अंगावर येतो. हलक्या हाताने धरायचं, त्याला इकडून तिकडे झुलवायचं आणि आपण मागे मागे सरकत जायचं, बस. त्या दिवसापासून मशीन तिचं झालं आणि छगन टाकीत पाणी भरणारा झाला. त्याला त्याचं काही वाईट वाटलं नाही. भला माणूस होता.

बघता बघता जळगावात तिचं नाव झालं. मंगल कार्यालयातले गालिचे, दवाखान्यातले, वकिलांच्या बैठकीतले, कुठे चहा सांडला, कुठे पान थुंकलं, की बोलावणं मेहरूणला यायचं. बाईचा हात हलका, पण तोंड भारी. यजमान मागे-मागे फिरून सूचना करू लागला की ती भोवरा बंद करायची आणि सांगायची, डाग दाखवा आणि आत जाऊन बसा, भाऊ. डाग ठेवून ती कुणाच्या दारातून निघाली, असं कधी झालं नव्हतं आणि हे ती स्वतःच सगळ्यांना ऐकवायची. एक नेम मात्र ती कटाक्षाने पाळायची. भोवरा लावण्याआधी साबणात भिजवलेलं पांढरं फडकं एका कोपऱ्यावर घासायचं आणि त्याला काय लागतं ते बघायचं. गालिच्याला आधी विचारावं, मग धुवावं, असं ती म्हणायची.

आणि नेमका तो नेम तिने शेजारच्या असोदा गावात मोडला.

असोद्याच्या शालिग्राम आबांच्या धाकट्या लेकीचं, मंजुळेचं लग्न होतं. नवरा मुलगा चोपड्याचा. मंडप छगनचाच, म्हणून आबांनी गालिच्याचंही काम सांगितलं. गालिचा त्यांच्या बायकोचा, सुंदरबाईचा. थोरल्या दोन्ही मुलांची लग्नं त्यावरच लागली होती. दोन वर्षांपूर्वी सुंदरबाई गेली, पण जाण्याआधी तिने तो स्वतःच्या हाताने घडी करून मोठ्या पेटीत ठेवला आणि आबांकडून शब्द घेतला की मंजुळेचं लग्न यावरच लावायचं. तेव्हापासून ती पेटी कुणी उघडली नव्हती. लग्न परवावर आलं होतं. आबा मितभाषी माणूस, पण हे सगळं त्यांनी दोनदा सांगितलं. प्रमिलाबाईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, आबा, उद्या ओळखू येणार नाही तुम्हाला.

खळ्यात गालिचा उलगडला तेव्हा कडुनिंबाचा वाळका पाला भुरभुर उडाला. रंग मुळातच बदामी, त्यावर धुळीचा थर. लग्नघरच्या आणि शेजारपाजारच्या बायका भोवरा बघायला जमल्या होत्या. कुणी म्हणालं, या बाईच्या हाताला जळगावात तोड नाही. प्रमिलाबाईला ते ऐकून बरं वाटलं. फार बरं वाटलं. बायका अशा खोळंबून उभ्या असताना फडकं घेऊन कोपरा काय पुसत बसायचं? मळ जुना दिसतोय म्हणून तिने छगनला टाकीत धुण्याचा सोडा नेहमीपेक्षा जास्त टाकायला सांगितला, पदर खोचला आणि बटण दाबलं.

भोवरा झुलत झुलत निघाला. मागे फेस उठला. पहिली रांग पांढरी, दुसरी रांग गुलाबी. तिसऱ्या रांगेपर्यंत फेस लालभडक झाला. ब्रश तो लाल रंग गरगर फिरवत चहूकडे पसरवत होता आणि गालिच्याखालून लाल पाण्याचा ओघळ खळ्यातून थेट मांडवाच्या दाराकडे निघाला.

प्रमिलाबाईने भोवरा बंद केला. मग आबांची बहीण पुष्पाबाई कपाळाला हात लावून खालीच बसली. लग्नघरात रक्ताचा पाट वाहिला, आता चोपड्याची मंडळी काय म्हणतील, मंजुळीच्या नशिबात काय वाढून ठेवलंय, असं तिचं सुरू झालं. बोलता बोलता तीच म्हणाली की वहिनीने एवढी जिवापाड घडीत हळद पेरून ठेवली होती, कसरकिडा लागू नये म्हणून, आणि या बाईने त्याचं हे करून ठेवलं.

हळद! प्रमिलाबाईने ओंजळीत फेस घेऊन पाहिला. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे खानदेशातल्या शेंबड्या पोरीलाही कळतं. पाल्यासोबत हळद पेरतातच, पाला बघून तरी आपल्याला कळायला हवं होतं. फडकं एकदा फिरवलं असतं तर कोपऱ्यातच कळलं असतं. कौतुकाने डोळ्यांवर झापड आली, दुसरं काय? मेलेल्या बाईने लेकीसाठी राखलेली वस्तू आपल्या हातून नासली. आबा ओट्यावर उभे होते. त्यांची नजर त्या लाल ओघळावर होती.

पण हातपाय गाळून बसेल तर ती प्रमिलाबाई कसली. ती सरळ ओट्यापाशी गेली.

"आबा, चूक माझी शे," ती म्हणाली. "पण हे रक्त नाही, हळद शे, आणि हळदीला मी वळवते. बठ्ठं नीट व्हई जाई."

आबांनी नुसती मान हलवली. मग तिने विचारलं की सरबताची लिंबं कुठे ठेवलीत. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. पाहुण्यांसाठी आणलेली टोपलीच्या टोपली ती उचलून घेऊन आली आणि जमलेल्या बायकांच्या हाती विळ्या दिल्या. अपशकुन-अपशकुन करत बसण्यापेक्षा लिंबं चिरा, म्हणाली. पुष्पाबाई सोडून सगळ्या चिरायला बसल्या. थोड्या वेळाने पुष्पाबाईही बसली, तोंड मात्र चालूच होतं.

छगनने टाकी धुऊन लिंबाचं पाणी भरलं. प्रमिलाबाईने कडक ब्रश काढून मऊ ब्रश चढवला, आधी साध्या पाण्याने फेस काढला आणि मग भोवरा इतका सावकाश झुलवला की मोटरचा आवाजही गुणगुणल्यासारखा वाटू लागला. लाल रंग फिका झाला, केशरी झाला, शेवटी पुन्हा पिवळा झाला. बायकांनी श्वास सोडला. पिवळं झालं म्हणजे अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं वैशाखातल्या उन्हाचं. ते ऊन जळगाव-असोद्याच्या माणसाला दर वर्षी शिव्या द्यायला लावतं, पण हळद त्याच्यापुढे टिकत नाही. खळ्यात सुंभाच्या बाजा ओळीने मांडल्या आणि गालिचा त्यावर पसरला. दुपार चढत गेली तसा पिवळेपणा उडत गेला आणि खालून जुना बदामी रंग, लाल फुलं, हिरवी पानं अशी एकेक वर आली. प्रमिलाबाईचं तोंडही पुन्हा सुरू झालं.

आता पाठीला ऊन दाखवायचं म्हणून नवरा-बायकोने गालिचा उलटला. पाठीचं कापड पांढरट. सोड्याचं पाणी मुरून त्यावरही लाल ढग उठले होते. छगन लिंबाच्या पाण्याचं फडकं घेऊन एका कोपऱ्याकडे वाकला, आणि प्रमिलाबाईने त्याचं मनगट धरलं.

कोपऱ्यावर एक पंजा उमटला होता. लालबुंद, बोटन् बोट स्पष्ट. घडी घालून झाल्यावर हळदीच्या हाताने कुणीतरी ती दाबून बसवली होती. करंगळी मात्र अर्धीच होती.

प्रमिलाबाई उन्हात तशीच उभी राहिली. एक फडकं फिरवलं की हा पंजा गेला, काम चोख झालं, कुणाला कळणारही नाही. दाखवला तर पुष्पाबाई पुन्हा कपाळ बडवणार. इतक्या वर्षांत डाग काढावा की ठेवावा, हा प्रश्न तिला पडलाच नव्हता. शेवटी तिने छगनला आबांना बोलवायला धाडलं.

आबा आले, वाकले आणि मग हळूच गुडघ्यावर बसले. कडबा कापायच्या यंत्रात सुंदरबाईची करंगळी अर्धी गेली होती, हे सगळ्या असोद्याला माहीत होतं. आबांनी आपला हात त्या पंजाशेजारी टेकवला. त्यांच्या डोळ्यांना धार लागली आणि त्यांनी ती पुसली नाही. मागे पुष्पाबाई येऊन उभी होती. तिने वाकून कोपऱ्याची मुडपलेली कड सरळ केली.

"तिचा हात हाये हा," आबा म्हणाले. "राहू दे, बाई."

प्रमिलाबाईने तो कोपरा ओल्या गोणपाटाने झाकला, ऊन लागू नये म्हणून वर आणखी एक घडी टाकली आणि बाकीची पाठ लिंबाने स्वच्छ करून घेतली. मग ती छगनवरच खेकसली की टाकी अजून धुतली का नाहीस.

लग्नाच्या दिवशी सरबताऐवजी ताक वाटलं, कारण लिंबं गालिच्याने पिऊन टाकली होती. गालिचा बोहल्यापुढे अंथरला होता, बदामी रंगाचा, लाल फुलांचा, काल विणल्यासारखा. त्याचा एक कोपरा तेवढा आबांनी मुद्दाम उलटून ठेवला होता. पुष्पाबाईने कुणी न सांगता त्या पंजावर हळद-कुंकू वाहिलं. मंजुळा मांडवात आली, बोहल्यावर चढण्याआधी खाली वाकली आणि आपला तळवा आईच्या तळव्यावर ठेवून थांबली. भटजींनीही घाई केली नाही.

चोपड्याकडची एक पाहुणी प्रमिलाबाईशेजारी उभी होती. भोवऱ्याची कीर्ती तिच्या कानावर आलेली असावी. तिने खवचटपणे विचारलं की एवढं नाव आहे तुमचं, मग तो डाग कसा राहिला हो.

प्रमिलाबाईने तिच्याकडे पाहिलंही नाही. तिचे डोळे मंजुळेवर होते.

"डाग नही तो," ती म्हणाली. "नवरीनी माय शे."