लाथ मारणारे आबा

मामाच्या अंगणात साठ माणसं एका जुन्या मोटारसायकलला हात जोडून उभी होती. किक-महाराजांनी हँडलवरून मायेने हात फिरवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "आबा, शांत व्हा. पोरगं चुकलं." शिष्याने किक मारली. पहिल्याच किकेला गाडी धडधडू लागली. गर्दीतून हुंदके आले.

मामाचा उजवा पाय प्लास्टरमध्ये होता. आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, या गाडीची किक महिनाभर उलटी बसत होती; शेवटी घोटाच मोडला. महाराजांचं निदान : वारलेले आबा इंजिनात बसलेत, मुलावर रागावलेत. उपाय एकच, गाडी मठाला दान. दानपत्र तयार होतं.

"जिवंतपणी मला बोट लावलं नाही त्यांनी," मामा डोळे पुसत म्हणाला. "आणि मेल्यावर लाथा?"

"मेल्यावर स्वभाव मोकळा होतो," महाराजांनी खुलासा केला.

मामी शिवणकाम शिकवते. महाराज हँडलवरून हात फिरवत असताना ती त्यांच्या अंगठ्याकडे बघत होती. तिने गाडी बंद केली, हँडलवरचा पितळी खटका पुढे ढकलला आणि म्हणाली, "महाराज, आता हात न लावता मंत्र म्हणा. किकही तुम्हीच मारा."

"आज आमच्या गुडघ्याचं मौन आहे."

"मग शिष्य मारेल."

शिष्य चार पावलं मागे सरकला. त्याची श्रद्धा होती, पण घोटेही होते.

मामीने खटका मागे ओढला, "बे एकं बे, बे दुणे चार" म्हणत किक मारली. गाडी सुरू!

"अहो, हा खटका इंजिनातला स्पार्क लवकर-उशिरा करतो; पुढे ढकलला की लवकर, मागे ओढला की उशिरा," ती मामाला म्हणाली. "तुम्ही रोज पुसता आणि छान दिसतो म्हणून पुढे ढकलून ठेवता. त्यात हल्लीचं पेट्रोल लवकरचा स्पार्क सोसतं असं कुठेतरी ऐकून मूळ टायमिंगही पुढे घेतलंत. सोसेल, पण गाडी पळताना! किक मारताना इंजिन हळू फिरतं. पिस्टन वर पोचायच्या फार आधी ठिणगी पडली की तो खाली ढकलला जातो, इंजिन उलटं फिरतं आणि किक पायावर येते. शिलाई मशीनचं टायमिंग चुकलं तर दोरा तुटतो; इथे घोटा तुटला. महाराजांची माया म्हणजे अंगठ्याने खटका मागे!"

"म्हणजे आबा खटक्यात बसलेत!" मागून एक काका ओरडले आणि पाचसहा जणांनी खटक्याला नमस्कार केला.

महाराज तेवढ्यात निघून गेले होते. चालत. गुडघा ठीक असावा.

"म्हणजे आबा रागावले नाहीत?" मामाने हळूच विचारलं.

"त्यांना कसला राग? ते खटका मागे घेऊन किक मारायचे."

मामाने दानपत्र उलटं केलं, त्यावर 'किकेआधी खटका मागे' असं लिहिलं आणि टाकीवर चिकटवलं.

गेलेलं माणूस तुमच्यावर रागावलंय असं सांगून कुणी वस्तू मागू लागला, तर जरूर रडा. पण आधी त्याचा अंगठा कुठे आहे ते बघा.