हरणाबाईंची खरवड

मी तीस वर्षं खव्याच्या भट्ट्यांसाठी नावाजलेल्या आमच्या वाशी गावातल्या शाळेत इतिहास शिकवला. पुरावा नसेल तर तोंड उघडू नये, एवढंच माझं तत्त्वज्ञान, आणि घरात ते मी कुणाला विसरू देत नाही. म्हणूनच माझ्या मुलीच्या, शिवकन्येच्या कंपनीच्या फाईलचं पहिलं पान वाचलं तेव्हा माझं डोकं फिरलं.

शिवकन्येनं खवा घोटणारं यंत्र बनवलंय. त्यात पैसे गुंतवायला पुण्याहून रणधीर नावाचे गृहस्थ येणार होते. फाईल तिकडच्याच एका सल्लागारानं लिहून परस्पर त्यांना पाठवली होती. तीत म्हटलं होतं, शिवकन्येच्या आईचा हात भट्टीवर भाजला आणि लेकीनं त्याच दिवशी यंत्र करायची शपथ घेतली. तिची आई अंगणवाडीत शिकवते. भट्टीच्या धुरानं तिला नुसत्या शिंका येतात.

"आण्णा, लोक यंत्रावर न्हाय, गोष्टीवर पैसे लावतात म्हणतो तो सल्लागार," शिवकन्या म्हणाली.

"मग मालिकाच काढा. रोज आठ वाजता हात भाजा," मी म्हणालो. पण पैसे मिळाले नाहीत तर तिची चार वर्षांची मेहनत भंगारात जाणार, हे मलाही ठाऊक होतं.

रणधीर आले ते थेट शाळेसमोरच्या भट्टीवर. तिथं हरणाबाई पंचवीस वर्षं खवा घोटतात. शिवकन्या चौदा महिने त्यांच्याशेजारी वही घेऊन बसली होती. दूध कधी कसं वाजतं, जाळ कधी ओढायचा, हे त्यांच्या तोंडून उतरवून घेऊन तिनं यंत्राला शिकवलं होतं. ते यंत्र त्यांच्या शेजारीच दुसरी कढई घोटत होतं.

रणधीर यांनी फाईल उघडली. "हात भाजला त्या आई कुठं आहेत? मला आधी त्यांना भेटायचंय."

शिवकन्येनं माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं पाहिलं. एका खोट्या शब्दानं काम होणार होतं, आणि बापाच्या मनात क्षणभर आलंही, की बोलून टाक.

"ते खोटं आहे," ती म्हणाली. "आई कधीच भट्टीवर बसली नाही. मी तुम्हाला आधीच कळवायला हवं होतं. पैशांची गरज होती म्हणून गप्प बसले."

हरणाबाईंनी उलथनं खाली ठेवलं. "हात भाजल्याची गोष्ट लिवली व्हय, माज्या भट्टीवरची?" दोन्ही तळवे त्यांनी रणधीर यांच्यासमोर धरले. एक डाग नव्हता. "रोज चार कढया घोटते सायेब. भाजून घ्यायला मी काय येडी हाय?"

मग शिवकन्येनं जे केलं ते कुणी विकणारा करत नाही. आमच्याकडं खव्याचा गोळा पाहून कुणीही फसतो. जाणता व्यापारी आधी खरवड मागतो, कढईच्या तळाला धरलेला थर. तिनं दोन्ही कढयांची खरवड काढून दोन पानांवर ठेवली. हरणाबाईंची बदामी होती. यंत्राची लालसर, म्हणजे तळाला जरा लागलेली.

"यंत्र अजून हरणामावशींच्या मागं आहे," ती म्हणाली. "पण मावशी एका वेळी एकच कढई घोटतात. त्यांच्या नजरेखाली यंत्रं दहा घोटतील."

रणधीर यांनी दोन्ही चाखल्या. बदामी खरवडीचं पान मात्र चाटूनपुसून साफ केलं. "तीन महिन्यांत यंत्राची खरवड अशी निघाली तर मी पैसे लावतो. फाईल नवी करा."

"तीन कशाला, दोन म्हैन्यात काढिते," हरणाबाई म्हणाल्या.

मला पोरीचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. धुरामुळं म्हणता आलं असतं, पण खोटं कशाला बोलू.

शिवकन्येनं माझ्या हातात पेन दिलं. "आण्णा, पयलं पान तुमी लिवा. मावशीपासनं सुरू करा."

मी कागद पुढं ओढला आणि अडलो. पंचवीस वर्षं या बाईच्या हातचं मागून खाल्लं, राजांच्या सात पिढ्या पोरांकडून घोकून घेतल्या, आणि हिचं पूर्ण नाव मला माहीत नव्हतं. लाज वाटली, पण विचारलं, "हरणाबाई, तुमचं पूर्ण नाव काय?"

पदराला हात पुसत त्या माझ्यासमोर ताठ बसल्या.

"आदी 'कारागीर' लिवा, मास्तर. मंग नाव सांगते."